आकार, आवाज आणि तडजोड : वहनीय ब्लूटूथ स्पीकरच्या पारखीची प्रस्तावना

एखाद्या वहनीय ब्लूटूथ स्पीकरचा आवाज चांगला आहे की नाही, हा प्रश्न साधा वाटतो. मात्र तो स्पीकर किती मोठ्याने लावला आहे, ऐकणारा किती अंतरावर बसला आहे, जागा चार भिंतींची आहे की मोकळ्या अंगणाची आणि त्यावर वाजते आहे ते काय, एवढे कळल्याखेरीज त्याचे प्रामाणिक उत्तर देता येत नाही. दिवाणखान्यात मांडून ठेवलेला मोठा स्पीकर बहुतेक वेळ आपल्या क्षमतेच्या बराच आत राहून काम करतो, त्यामुळे त्याचा स्वभाव हळू आवाजाला आणि मोठ्या आवाजाला साधारण सारखाच राहतो. पिशवीत मावणारा स्पीकर मात्र आवाज जरा चढवला की क्षमतेच्या काठावर येतो आणि तेथून पुढे त्याच्या पोटातील संगणकीय मंडल क्षणोक्षणी त्याचा आवाज घडवत, आवरत आणि बदलत राहते. परिणामी एकाच पेटीतून खरे तर अनेक स्पीकर ऐकू येतात. रात्री उशाशी हळू वाजणारा एक असतो आणि गच्चीवर दहा माणसांसाठी पूर्ण आवाजात लावलेला दुसराच. या वस्तूच्या परीक्षणात आजवर जो गोंधळ दिसतो त्याचे मूळ बव्हंशी येथे आहे, आणि प्रस्तुत ग्रंथाची मांडणीही याच जाणिवेवर उभी आहे.

वस्तूची रचना प्रथम थोडक्यात पाहणे सोयीचे ठरेल. फोनमधून बिनतारी मार्गाने आलेला सांकेतिक ध्वनी उलगडणारा ग्राहक, तो हवा तसा वळवणारा संकेत-प्रक्रियक, वीज कमीत कमी वाया घालवणारा ‘डी’ वर्गाचा प्रवर्धक, लिथियम-आयन बॅटरी, आणि या सर्वांच्या शेवटी चुंबकीय क्षेत्रात हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला जोडलेला पडदा, म्हणजे ज्याला व्यवहारात ड्रायव्हर म्हणतात तो घटक, अशी ही साखळी असते. यांपैकी पहिले चार घटक गेल्या काही दशकांतले आहेत. शेवटचा मात्र शतकभर जुना आहे आणि स्पीकरच्या आवाजाचे भवितव्य अजूनही मुख्यतः तोच ठरवतो.

चुंबकीय क्षेत्रात हलणाऱ्या वेटोळ्याचे एकस्व जर्मनीच्या वेर्नर सीमेन्स यांनी १८७४ मध्ये घेतले, ऑलिव्हर लॉज यांनी १८९८ मध्ये ब्रिटनमध्ये ती कल्पना पुढे नेली, आणि पीटर जेन्सन व एडविन प्रिडहॅम यांनी १९१५ च्या सुमारास कॅलिफोर्नियात तिला कर्णा जोडून जनसमुदायाला ऐकू जाईल असा आवाज काढून दाखवला. तरीही आजच्या स्पीकरचा खरा आरंभ १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधापासून धरला जातो. कर्ण्याची मदत न घेता, हवेला थेट ढकलणाऱ्या शंकूच्या आकाराच्या लहान पडद्यातून सपाट व विस्तृत प्रतिसाद कसा मिळवावा हे त्यांनी दाखवले. प्रतिसाद म्हणजे खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत प्रत्येक वारंवारितेला स्पीकर किती जोराने वाजतो त्याचा आलेख.

पडद्यानंतरचा प्रश्न पेटीचा होता. पडद्याच्या मागून निघणारा ध्वनी पुढच्या ध्वनीच्या विरुद्ध कलेत असतो, त्यामुळे तो अडवला नाही तर खर्ज परस्परांत विरून जातो. बंद पेटी त्याला अडवते, पण आत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि पेटी जितकी लहान तितकी ती स्प्रिंग ताठर होते. या अडचणीवर वेगवेगळ्या काळात वेगवेगळी उत्तरे निघाली. बेल प्रयोगशाळेच्या आल्बर्ट थुरास यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी पेटीला नळीवजा छिद्र ठेवून आतील हवेलाच खर्जाच्या कामाला लावले, तर हॅरी ओल्सन यांनी १९३५ मध्ये छिद्राच्या जागी चुंबक नसलेला, नुसता वजनदार पडदा बसवण्याची कल्पना नोंदवली. एडगर व्हिलचर यांनी १९५४ मध्ये कोंडलेल्या हवेचा ताठरपणाच पडद्याचा मुख्य आधार करून कपाटावर मावणाऱ्या पेटीतून खोल खर्ज काढला. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी ड्रायव्हर व पेटी यांचे वर्तन मोजक्या राशींनी आधीच वर्तवण्याची पद्धत घालून दिली, आणि त्यानंतर पेटी बांधणे हे अंदाजाचे काम राहिले नाही. ओल्सन यांचा तो बिनचुंबकी पडदा, म्हणजे पॅसिव्ह रेडिएटर, आज जवळजवळ प्रत्येक चांगल्या वहनीय स्पीकरच्या कडांना दिसतो, याचे कारण असे की एवढ्या लहान पेटीत पुरेशा लांबीची नळी बसतच नाही. असे दोन पडदे समोरासमोर बसवले तर त्यांचे धक्के एकमेकांना रद्द करतात आणि स्पीकर टेबलावर सरकत नाही.

या सगळ्या प्रयत्नांवर एक मर्यादा कायम आहे, जी या क्षेत्रात जोसेफ हॉफमन यांच्या नावाने ‘लोखंडी नियम’ म्हणून ओळखली जाते. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत. दोन घेतल्या की तिसरी सोडावी लागते. त्यामागचे गणित सोपे आहे. तोच जोर ठेवून सूर एक सप्तक खाली आणायचा तर पडद्याला चौपट हलावे लागते, म्हणजे दोनशे हर्ट्झवरून पन्नास हर्ट्झवर येताना सोळापट. पन्नास हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जवळजवळ सात मीटर असते आणि तो ध्वनी चाळीस-पन्नास मिलिमीटर व्यासाच्या पडद्याने निर्माण करायचा असतो. घरातला स्पीकर मोठी पेटी घेऊन हा पेच सोडवतो; वहनीय स्पीकरला पेटी मोठी करता येत नाही आणि बॅटरीमुळे वीजही उधळता येत नाही, म्हणून त्याच्या रचनाकाराचे सारे कौशल्य कोणती गोष्ट, किती आणि कोणत्या क्षणी सोडायची हे ठरवण्यात खर्ची पडते.

सोबत नेता येणाऱ्या संगीताची परंपरा अर्थातच ब्लूटूथच्या आधीची आहे. १९५४ च्या रीजन्सी टीआर-१ या ट्रान्झिस्टर रेडिओने आवाज खिशात आणला, १९५७ च्या सोनी टीआर-६३ ने तो जगभर नेला, आणि ब्राउन कंपनीच्या १९५८ च्या टी-३ या खिशातील रेडिओने अशा वस्तूलाही स्वतःची शांत, निगुतीची रूपभाषा असू शकते हे दाखवले. महाराष्ट्रात विविध भारती ऐकवणारा ट्रान्झिस्टर शेताच्या बांधापर्यंत पोहोचला आणि नंतर आखाती देशांत नोकरीला गेलेल्यांनी कोकणातल्या घरोघरी टू-इन-वन आणला, ज्याची पेटी आजच्या स्पीकरच्या कित्येक पट मोठी होती आणि म्हणूनच ज्याचा भरदार आवाज अनेकांच्या कानात अजून आहे. बिनतारी स्पीकरला लागणारे भाग एकेक करून जमत गेले. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली, ब्लूटूथसाठी कंपन्यांचा संघ १९९८ मध्ये स्थापन झाला, आणि द्विध्वनी संगीत पाठवण्याची ए-टू-डी-पी ही रीत २००३ मध्ये ठरली. या सर्वांचा मेळ घालून इव्ह बेहार यांच्या रेखाटनातून उतरलेला जॉबोनचा जॅमबॉक्स २०१० मध्ये आला, तेव्हा या वस्तुप्रकाराला त्याचे ओळखीचे रूप मिळाले. पाठोपाठ जेबीएल, बोस, अल्टिमेट इअर्स आदींनी २०१२-१३ मध्ये आणलेल्या स्पीकरांनी दोन ठळक घराणी पाडली, एका दिशेला तोंड असलेली आडवी पेटी आणि सर्व बाजूंना आवाज टाकणारे उभे नळकांडे.

खरा बदल मात्र डोळ्यांना दिसत नाही. जुन्या स्पीकरमध्ये जे आत जाई ते कमीअधिक बिघडून बाहेर येई. आजच्या वहनीय स्पीकरमध्ये संकेत-प्रक्रियक आधी पाहतो की आवाज किती आहे, पडदा किती हलला आहे, बॅटरीत किती जोर उरला आहे, आणि त्यानुसार खर्ज वाढवतो किंवा कापतो. हळू आवाजाला खर्ज वाढवणे ही फसवणूक म्हणता येणार नाही. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवल्याप्रमाणे आवाज कमी झाला की मानवी कानाची खर्जाबाबतची संवेदना वरच्या सुरांपेक्षा अधिक झपाट्याने घटते, आणि ती तूट भरून काढणे योग्यच आहे. आवाज चढवल्यावर मात्र हाच खर्ज पडद्याला मोडून टाकील म्हणून तो गुपचूप काढून घेतला जातो, तबल्याच्या प्रत्येक थापेला सगळे गाणे दबते व पुन्हा उसळते, आणि ऐकणाऱ्याला कारण न कळता थकवा येतो. दुकानात दोन मिनिटे पूर्ण आवाजात ऐकून केलेली निवड बहुधा चुकते ती यामुळे.

आवाजाची पारख करणारे जे विचारप्रवाह विसाव्या शतकात तयार झाले त्यांतील पहिला मापनवाद्यांचा. भिंती ध्वनी पूर्णपणे शोषून घेतात अशा प्रतिध्वनिशून्य कक्षात स्पीकर ठेवून, त्याच्याभोवती दहा-दहा अंशांवर आडव्या व उभ्या वर्तुळात एकूण सत्तर ठिकाणी मोजणी करण्याची जी पद्धत अमेरिकेतील सीटीए-२०३४ या मानकाने रूढ केली, ती या प्रवाहाची आजची परिणती होय. दुसरा प्रवाह नियंत्रित श्रवणाचा. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि नंतर हार्मन कंपनीत फ्लॉइड टूल यांनी, पुढे शॉन ऑलिव्ह यांच्या साथीने, स्पीकर पडद्याआड ठेवून श्रोत्यांची मते गोळा केली, आणि दोन गोष्टी पुढे आल्या. स्पीकर दिसत नसेल तर निरनिराळ्या श्रोत्यांची पसंती आश्चर्य वाटावे इतकी जुळते व ती सपाट, गुळगुळीत प्रतिसादाकडे झुकते. तोच स्पीकर डोळ्यांसमोर ठेवला की त्याचा आकार आणि नाव मताला खेचू लागतात. ऑलिव्ह यांच्या २००४ मधील सूत्रात पसंतीचा सुमारे तीस टक्के भार एकट्या खर्जाच्या खोलीवर पडतो. तथापि हे सूत्र खोलीत ठेवायच्या मोठ्या स्पीकरांवरून निघालेले आहे, आणि ज्याचा खर्ज आवाजाबरोबर बदलतो अशा वस्तूला ते जसेच्या तसे लावणे हे या ग्रंथाच्या दृष्टीने शास्त्राचा आव आणून केलेले अशास्त्रीय काम आहे. बदलत्या वागणुकीच्या, अंगभूत प्रवर्धक असलेल्या स्पीकरांसाठी विद्युत आकड्यांऐवजी प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या ध्वनीवर भर देणारे आयईसी ६०२६८-२१ हे मानक २०१८ मध्ये आले, ते या कामी अधिक जवळचे आहे.

तिसरा प्रवाह समीक्षकांचा. जे. गॉर्डन होल्ट यांनी १९६२ मध्ये सुरू केलेल्या स्टिरिओफाइल या नियतकालिकाने घरात, रोजच्या संगीतावर, दीर्घकाळ ऐकून लिहिण्याची प्रथा पाडली आणि ध्वनीचे वर्णन करणारी एक संपूर्ण परिभाषा घडवली. तिचे मोल नाकारता येत नाही, परंतु अशी वर्णने किती निसरडी असतात याचा पुरावा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरातच आहे. कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक-नियतकालिकाने १९७० मध्ये बोसच्या ९०१ या स्पीकरबद्दल लिहिताना त्यात वाद्ये खोलीभर भटकल्यासारखी वाटतात अशा अर्थाचे विधान केले. परीक्षकांना जाणवलेली हालचाल प्रत्यक्षात स्पीकरांमधल्या भिंतीलगतची होती, एवढ्या फरकावरून खटला उभा राहिला आणि तो १९८४ मध्ये नियतकालिकाच्या बाजूने निकाली निघाला. न्यायालयापुढचा मुद्दा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा होता, पण ध्वनिसमीक्षेने त्यातून घ्यायचा धडा निराळा आहे : जे ऐकले ते कोठे, किती आणि कशाच्या तुलनेत, हे लिहिले नाही तर उत्तम कानाचेही मत दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही. ग्राहक-चाचण्यांची परंपरा, जी ब्रिटनमध्ये विच आणि जर्मनीत श्टिफ्टुंग वारेनटेस्ट यांनी जोपासली, ती आवाजाला टिकाऊपणा, सोय आणि किंमत यांच्या पंक्तीत बसवते, आणि वहनीय स्पीकरसाठी तीच सर्वांत उपयुक्त दृष्टी आहे.

कारण येथे रूप आणि ध्वनी वेगळे काढता येत नाहीत. स्पीकर आडवा ठेवायचा की उभा यावरून टेबलाच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा ध्वनी बदलतो. पाणी आत जाऊ नये म्हणून घातलेला रबरी अडसर पेटी हवाबंद ठेवायलाही मदत करतो. बटणाचे झाकण सैल असेल तर ठरावीक सुराला ते खरखरते. जलरोधकतेची खूण असलेल्या आयपी-६७ मधील पहिला आकडा धुळीबद्दल आणि दुसरा एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकण्याबद्दल असतो, आणि आयपीएक्स-७ असे लिहिले असेल तर धुळीची श्रेणी जाहीरच केलेली नसते. शिवाय ही चाचणी गोड्या पाण्यातली आहे, त्यामुळे किनाऱ्यावरच्या खाऱ्या वाऱ्यात धातूच्या जाळीचे व चार्जिंगच्या खाचेचे काय होईल याबद्दल ती काहीच सांगत नाही. बॅटरीच्या मिलिअँपिअर-तासांची तुलनाही अशीच दिशाभूल करते : ३.७ व्होल्टची ५००० मिलिअँपिअर-तासांची आणि ७.४ व्होल्टची २५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी या दोन्हींत सारखीच, साडेअठरा वॉट-तास ऊर्जा असते. लिथियम-आयन बॅटरी साधारणतः ४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करू नये असा दंडक आहे, आणि चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात तो सावलीतही मोडला जातो.

हा विषय आज अधिक निकडीचा होण्यामागे बाजाराची भाषा हे एक कारण आहे. १९९० च्या दशकात भारतीय घरांत आलेल्या पेट्यांवर ‘पीएमपीओ’ या नावाखाली हजारो वॉटचे आकडे छापले जात, ज्यांना कोणतीही मान्य व्याख्या नव्हती. तो अक्षरसमूह आता मागे पडला असला तरी वॉटच्या आकड्यावरून आवाज मोजण्याची सवय गेलेली नाही. वीज दुप्पट केली तर पातळी फक्त तीन डेसिबेल वाढते, आणि आवाज दुप्पट मोठा वाटायला सुमारे दहा डेसिबेल लागतात, एवढे ज्ञान ग्राहकाकडे असते तर बरीच खोकी निराळी छापावी लागली असती. सांकेतिक पद्धतींबद्दलही असेच अवाजवी कुतूहल आढळते. प्रत्येक ब्लूटूथ स्पीकरला अनिवार्य असलेली एसबीसी ही पद्धत उच्च दर्जाला सेकंदाला सुमारे ३२८ किलोबिट पाठवते आणि सोनीची एलडॅक ९९० पर्यंत जाते हे खरे, परंतु मुठीएवढ्या पेटीत हा फरक पडद्याच्या व पेटीच्या मर्यादांखाली बहुधा दबून जातो. त्यापेक्षा चित्र आणि आवाज यांत पडणारे अंतर, किंवा २०२० मध्ये जाहीर झालेल्या एलई ऑडिओमुळे एकाच प्रक्षेपणावर अनेक स्पीकर जोडण्याची आलेली सोय, या बाबी रोजच्या वापरात अधिक जाणवतात. युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ पासून वहनीय स्पीकरांनाही यूएसबी-सी ही समान खाच सक्तीची केली, याचा लाभ इतर देशांतील ग्राहकालाही आपोआप मिळतो आहे. दुसरीकडे, भारतातील २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेलची मर्यादा घातली आहे, तर स्पीकर दर वर्षी अधिकाधिक मोठ्याने वाजण्याच्या शर्यतीत आहेत. गडकिल्ल्यांवर फिरायला जाणाऱ्यांना या विसंगतीचा निराळा दाखला द्यावा लागणार नाही.

मराठी वाचकासाठी या ग्रंथाचे वेगळेपण श्रवणसामग्रीच्या निवडीत आहे. स्पीकर-चाचण्यांत रूढ असलेली पाश्चात्त्य ध्वनिमुद्रणे उपयुक्तच आहेत, ट्रेसी चॅपमन यांचे एक गीत तर संशोधनात वर्षानुवर्षे वापरले गेले आहे. पण ज्याला भजन, नाट्यगीत, लावणी किंवा ख्याल ऐकायचा आहे त्याच्या स्पीकरची कसोटी त्याच संगीतावर लागायला हवी. येथे तानपुरा चकवा देतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा आणि त्याच्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा षड्ज सुमारे ६९ हर्ट्झचा असतो, जो मुठीएवढ्या स्पीकरच्या आवाक्याबाहेर असतो. तरीही तो ऐकू आल्याचा भास होतो, कारण जवारीमुळे १३९, २०८, २७७ अशा उपस्वरांची दाटी होते आणि त्यांवरून मेंदू हरवलेला मूलस्वर स्वतःच उभा करतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शतकापूर्वी भारतीय तंतुवाद्यांच्या या उपस्वरसंपत्तीचा आणि तबला-मृदंगावरील शाईने घडवलेल्या सुरेल उपस्वरांचा अभ्यास केला होता. स्पीकरच्या पारखीत तो अनपेक्षितपणे कामी येतो. तानपुरा भरदार वाटला म्हणून खर्ज आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेला घुमारा मात्र इतका सहज झाकला जात नाही, कारण त्यात उपस्वरांचा आधार कमी आणि मूलस्वर सतत सरकता असतो, त्यामुळे प्रक्रियकाने खर्ज कोठे कापला ते त्याच जागी उघडे पडते. वरच्या टोकाला हेच काम टाळ आणि झांज करतात, तर कीर्तनातील निरूपण किंवा आकाशवाणीची बातमी मधल्या पट्ट्यातील स्पष्टता तपासते.

हे सर्व प्रवाह एकत्र आणून, प्रत्येक स्पीकर किमान तीन आवाज-पातळ्यांवर, खोलीत आणि उघड्यावर, आधी न पाहता व मग हाताळून तपासण्याची एक शिस्त ग्रंथ मांडतो. प्रतिध्वनिशून्य कक्ष सर्वांना मिळत नाही, म्हणून फोनवरील मापन-अनुप्रयोग, मोजपट्टी आणि मोकळे मैदान यांच्या मदतीने कितपत भरवशाची मोजणी होते आणि कोठे ती थांबवावी, यावर त्यात विशेष भर आहे. चाके लावलेल्या समारंभी पेट्या आणि बोलण्याला उत्तर देणारे स्पीकर यांचे प्रश्न वेगळे असल्याने त्यांना येथे जागा दिलेली नाही. बाजारातील नमुन्यांची गुणानुक्रमे यादीही जाणीवपूर्वक टाळली आहे, कारण नमुने दीड-दोन वर्षांत बदलतात आणि संगणकीय प्रणालीच्या एका अद्ययावतीकरणाने आधी विकलेल्या स्पीकरचाही आवाज बदलू शकतो. ज्या नमुन्यांचा उल्लेख येतो ते केवळ एखादे तत्त्व स्पष्ट करणारी उदाहरणे म्हणून घेतलेले आहेत.